सर्वसाक्षी देव आणि दाखल्यावरील धर्म

देव सर्वज्ञ आहे, हे सत्य आपण बालकांना धर्मशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी शिकवितो. त्याच्यापासून काहीही लपत नाही, अंतःकरणातील विचारही त्याला ठाऊक असतात, हे उत्तर मुले तोंडपाठ म्हणतात. परंतु या सत्याचा खरा अर्थ प्रौढपणी, एखाद्या कचेरीतील छापील अर्जासमोर बसल्यावर कळू लागतो. अर्जात 'धर्म' असा एक रकाना असतो व त्याखाली 'जात' असा दुसरा. हैदराबाद शहरातील वस्त्यांत, तेलंगणाच्या खेड्यांत आणि एकेकाळी याच संस्थानाचा भाग असलेल्या मराठवाड्यात असे असंख्य श्रद्धावंत आहेत, की ज्यांना हे दोन रकाने एकत्र भरताना लेखणी थांबवावी लागते. रविवारी ते वेदीसमोर गुडघे टेकतात. सोमवारी मुलाच्या दाखल्यावर 'हिंदू' असे लिहितात. सर्वसाक्षी देवासमोर प्रामाणिक जीवन म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या भागात याहून अधिक तीव्रतेने क्वचितच उभा राहत असेल. प्रस्तुत लेखात त्याचा धर्मशास्त्राच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

कायद्याने उभी केलेली कोंडी

प्रथम वस्तुस्थिती स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. कारण ती न जाणता केलेला उपदेश निष्ठुर ठरतो. राष्ट्रपतींनी 10 ऑगस्ट 1950 रोजी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता मर्यादित केला. 1956 साली त्यात शिखांचा व 1990 साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही. म्हणून गोंड किंवा भिल्ल मनुष्य ख्रिस्ती झाला तरी त्याचा दर्जा जात नाही, आणि मातंग, माला किंवा मादिगा मनुष्याचा जातो.

या फरकाचा व्यवहारातील परिणाम मोठा आहे. आंध्र प्रदेशात व पुढे तेलंगणात अनुसूचित जातींसाठी 15 टक्के जागा राखीव ठेवण्यात आल्या. त्याच जातींतून ख्रिस्ती झालेल्यांसाठी मागासवर्गाच्या 'क' गटात 1 टक्का. राखीव मतदारसंघातून निवडणूक लढविण्याचा अधिकार जातो. अत्याचार-प्रतिबंधक कायद्याचे 1989 पासून मिळालेले संरक्षणही जाते. गावातील विहीर, हॉटेल व स्मशानभूमी मात्र स्नानसंस्काराचा दाखला पाहून आपली वागणूक बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सूसै यांच्या खटल्यात असे म्हटले, की धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारी विकलता तशीच राहते हे पुराव्याने दाखविले पाहिजे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. 2022 साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी पुन्हा आयोग नेमण्यात आला. आणि 26 नोव्हेंबर 2024 रोजी पुदुच्चेरीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की स्नानसंस्कार घेऊन, चर्चमध्ये नियमित जाऊन, केवळ आरक्षणासाठी आपण हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाची फसवणूक होय.

येथे इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. बरोबर शंभर वर्षांनी निघालेल्या आदेशाने गरिबातील गरीब ख्रिस्ती मनुष्याला आपली श्रद्धा उघड सांगण्याची किंमत मोजावयास लावली. ही व्यवस्था न्याय्य नाही, असे ख्रिस्तसभेने वारंवार म्हटले आहे व ते योग्यच आहे. परंतु अन्यायाविरुद्ध दाद मागणे ही एक गोष्ट आणि अन्यायाच्या छायेत सत्याने कसे जगावे हे ठरविणे ही दुसरी. आज आपणापुढे ही दुसरी गोष्ट आहे.

देवाचे जाणणे

देव सारे जाणतो, या वाक्याने आपल्या लोकांच्या मनात पुष्कळदा पोलीस-पाटलाचे चित्र उभे राहते. कोणीतरी वरून पाळत ठेवीत आहे, चुकांची नोंद करीत आहे, आणि एके दिवशी ती वही उघडली जाणार आहे! असे चित्र भीती निर्माण करते. प्रामाणिकपणा निर्माण करीत नाही. भयभीत मनुष्य अधिक चांगले लपावयास शिकतो. आदामाने नेमके हेच केले.

पवित्र शास्त्र देवाच्या ज्ञानाविषयी निराळ्या रीतीने बोलते. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात देवाला 'पाहणारा' असे नाव देणारी व्यक्ती कोण आहे? कोणी कुलपती नव्हे, तर हागार. परदेशी, दासी, छळाला कंटाळून रानात पळालेली स्त्री. तिला देवाचे पाहणे हा धाक वाटला नाही, आधार वाटला. कारण तोवर तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता देवाच्या दृष्टीपासून कोठे पळावे असे विचारतो खरे. पण अखेरीस तोच देवाला आपले अंतःकरण पारखण्याची विनंती करतो. ज्याच्यापासून पळू पाहत होता, त्यालाच तो आत बोलावतो.

संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा'च्या पहिल्या भागात, चौदाव्या प्रश्नात, या अनुभवाला तात्त्विक आधार दिला आहे. आपले ज्ञान वस्तूंपासून येते. वस्तू आधी असतात व मग आपण त्या जाणतो. देवाचे ज्ञान मात्र वस्तूंचे कारण आहे. कारागीर आपली कृती जशी जाणतो, तसे देव आपणास जाणतो. बाहेरून हेरगिरी करून नव्हे, तर आपणास अस्तित्व देऊन. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. देव केवळ रकान्यात काय लिहिले एवढेच जाणत नाही. ते लिहिताना हात का थरथरला, घरात फी भरावयास पैसे होते की नव्हते, जातीचा हा रकाना मुळात कोणी निर्माण केला, हेही तो जाणतो. मनुष्याच्या न्यायालयास पुराव्यापलीकडे जाता येत नाही. देवास पुराव्याची गरज नाही. म्हणून त्याच्यापुढे खोटे टिकत नाही, तसेच तेथे कोणाची व्यथा दुर्लक्षितही राहत नाही. सर्वज्ञतेच्या या दोन बाजूंपैकी एकच सांगणारा उपदेशक अर्धे सत्य सांगतो.

नामान आणि गेहजी

दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आपण कुष्ठरोग बरा होण्याच्या कथेसाठी वाचतो व बहुधा मध्येच थांबतो. आपल्या प्रश्नावर प्रकाश पाडणारा भाग त्यापुढेच आहे.

बरा झालेला अरामी सेनापती नामान यापुढे केवळ इस्राएलाच्या देवाचीच उपासना करण्याचे ठरवितो. परंतु निघण्यापूर्वी तो अलीशाला एक अडचण सांगतो. त्याचा राजा रिम्मोनाच्या मंदिरात जातो तेव्हा याच्या हातावर भार देऊन वाकतो, आणि मग यालाही वाकावे लागते. या एका गोष्टीची देवाने क्षमा करावी, अशी तो याचना करतो. अलीशा त्याला शांतीने जा असे सांगतो. तो त्या वाकण्याला योग्य म्हणत नाही, तसा त्याचा निषेधही करीत नाही. नव्याने श्रद्धा स्वीकारलेल्या, परक्या राज्यात एकट्याने राहणाऱ्या मनुष्याला तो वेळ देतो.

त्याच अध्यायात अलीशाचा सेवक गेहजी नामानाच्या मागे धावतो, खोटे कारण सांगून दोन किक्कार रुपे व दोन पोषाख घेतो, घरात लपवितो, आणि धन्यासमोर उभा राहून आपण कोठेही गेलो नव्हतो असे सांगतो. त्याचे बोलणे ज्याला आधीच ठाऊक होते, त्याच्याचसमोर तो खोटे बोलला. नामानाचा रोग त्याला जडला.

दोघांची तुलना करून पाहावी. बाह्यतः नामानाचे कृत्य अधिक गंभीर दिसते. ते मूर्तीसमोर वाकणे आहे. गेहजीचे कृत्य पैशाची अफरातफर एवढेच. तरीही एक शांतीने जातो व दुसरा रोग घेऊन जातो. नामानाने आपली विसंगती स्वतः होऊन देवाच्या माणसासमोर ठेवली, तिला क्षमेची गरज आहे हे ओळखले, तिचे समर्थन केले नाही. गेहजीने ती झाकली. शिवाय नामान राजाच्या सत्तेखाली होता. गेहजीवर कोणाचीही सक्ती नव्हती. सक्तीखाली झालेली विसंगती आणि लोभाने केलेले कपट यांत देव भेद करतो. आपणही तो केला पाहिजे.

मात्र या कथेचा कोणी परवाना करून घेऊ नये. नामानाने क्षमा मागितली; हक्क मागितला नाही. रिम्मोनाचे मंदिर त्याला आवडू लागले असते, तर शांतीचा तो निरोप त्याला लागू राहिला नसता.

कार्थेजमधील दाखले

दाखल्याचा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. इसवी सन 250 मध्ये रोमन सम्राट देसियस याने साम्राज्यातील लोकांनी देवतांना बळी अर्पण करावा व तसे केल्याचा लेखी दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा, असा हुकूम काढला. पपायरसवरील असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केला. इतर काहींनी बळी न देता, पैसे भरून किंवा ओळखीने, केवळ दाखला मिळविला. आपण हात विटाळले नाहीत, फक्त कागद घेतला, असे त्यांचे म्हणणे होते.

छळ थांबल्यावर कार्थेजचे बिशप संत सिप्रियान यांच्यापुढे हा प्रश्न आला. 251 साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी कागदी नकारालाही नकारच म्हटले. लेखी शब्द हाही शब्दच होय, ही त्यांची भूमिका होती. परंतु त्याच वर्षीच्या कार्थेज धर्मपरिषदेने सर्वांना एकाच मापाने मोजले नाही. कोणी स्वखुशीने धावत गेला, कोणी पुष्कळ सोसून शेवटी नमला, कोणी पत्नीमुलांना वाचविण्यासाठी एकट्याने पुढे झाला, हे पाहून प्रत्येकाची चौकशी करावी, दाखलेवाल्यांना प्रायश्चित्तानंतर पुन्हा सहभागात घ्यावे, असे ठरले. रोममधील नोवेशियनच्या पंथाने पतितांना कायमचे दार बंद केले. ख्रिस्तसभेने तो मार्ग नाकारला.

आपली परिस्थिती अगदी तीच नाही. देसियसच्या दाखल्यात श्रद्धेचा त्याग मागितला होता. आपल्या कचेरीत जातीचा पुरावा मागितला जातो, आणि जात ही श्रद्धा नव्हे, ती लादलेली जखम आहे. 'मी मादिगा आहे' हे ख्रिस्ती मनुष्याचे विधान खरे आहे. 'मी हिंदू आहे' हे त्याच मनुष्याचे विधान खरे नाही. दुःख हे, की पहिले सत्य मान्य व्हावे म्हणून कायदा दुसरे असत्य मागतो. सिप्रियान यांची शिकवण येथे दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते: कागदाला कमी लेखू नका, आणि कागदावरून माणसाचा कायमचा निवाडा करू नका.

मौन, नाव आणि असत्य

येथे काही भेद करणे आवश्यक आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन ग्रंथ लिहिले. एक 395 च्या सुमारास, दुसरा 420 च्या सुमारास. दुसऱ्याचा प्रसंग आपल्याशी जुळणारा आहे. हृदयात सत्य असले म्हणजे धर्म लपविण्यासाठी तोंडाने खोटे बोलण्यास हरकत नाही, असे प्रिसिलियनपंथी म्हणत. ऑगस्टीन यांनी ते मत ठामपणे फेटाळले. कारण मग हुतात्म्यांचे रक्त व्यर्थ ठरते. परंतु त्यांनीच हेही स्पष्ट केले, की सत्य न सांगणे व असत्य सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला विचारण्याचा अधिकार नाही त्याला उत्तर न देणे हे खोटे नव्हे. भाड्याचे घर शोधताना धर्म न सांगणारे कुटुंब खोटे बोलत नाही.

तसेच नावाचे. एखाद्याचे नाव लक्ष्मय्या किंवा नारायण आहे, म्हणून तो दुटप्पी ठरत नाही. नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत स्नानसंस्कार घेतला व नारायणच राहिले. बाबा पदमनजी व पंडिता रमाबाई यांनीही आपली नावे सोडली नाहीत. रमाबाईंचे उदाहरण तर आणखी एका अर्थाने बोलके आहे. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे स्नानसंस्कार घेतल्यानंतर, ज्या सिद्धान्ताविषयी मनाची खात्री झाली नव्हती तो केवळ आश्रयदात्यांच्या समाधानासाठी मान्य करण्याचे त्यांनी नाकारले. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा संघर्ष दिसतो. त्यांची सर्वच मते आपणास मान्य होणार नाहीत. पण ज्यांच्या घरी आसरा घेतला त्यांच्याशीही खोटे न बोलणे, हा देवासमोर जगण्याचाच एक प्रकार होय.

आपल्या शेजारच्या समाजाकडूनही शिकण्यासारखे आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती जाणार हे दिसत असूनही लक्षावधी लोकांनी जनगणनेत आपला धर्म 'बौद्ध' असाच लिहिला. 1951 साली देशात बौद्ध सुमारे 1 लाख 80 हजार होते. 1961 साली ते 32 लाखांवर गेले. केंद्राचा दर्जा त्यांना मिळावयास 1990 साल उजाडले. हानी सोसून उघडपणे उभ्या राहिलेल्या त्या संख्येने त्यांच्या मागणीला बळ दिले. लपलेल्या संख्येला बळ नसते.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा रकाना

गरीब श्रद्धावंताकडून सत्याची अपेक्षा करणाऱ्या ख्रिस्तसभेने प्रथम स्वतः देवासमोर उभे राहिले पाहिजे. भारतातील कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाविषयी धोरण जाहीर केले. देशातील सुमारे 1 कोटी 90 लाख कॅथलिकांपैकी 1 कोटी 20 लाख दलित आहेत, आणि ख्रिस्तसभेच्या आतही अस्पृश्यता पाळली गेली आहे, असे त्यात मान्य केले आहे. हैदराबादचे महाधर्मगुरू अँथनी पूला यांना 27 ऑगस्ट 2022 रोजी कार्डिनलपद मिळाले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल होत. आनंदाच्या या घटनेचा दुसरा अर्थही वाचला पाहिजे: हे घडावयास इतका काळ लागला.

आपल्या शाळा-महाविद्यालयांतील प्रवेश, सेमिनरीत येणारे तरुण, धर्मग्रामातील सोयरिकी, काही ठिकाणी दफनभूमीतील ओळी, या सर्वांवर 'जात नाही' असा शेरा मारून आपण कित्येक वर्षे आपलाच दाखला भरीत आलो. जो मनुष्य प्रामाणिकपणे 'ख्रिस्ती' लिहितो व त्यामुळे मुलाची शिष्यवृत्ती गमावतो, त्याच्या मुलासाठी आपल्या संस्थेत जागा व पैसा नसेल, तर आपण त्याला सत्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करणार? हनन्या व सप्पीरा यांना शिक्षा झाली ती एका अशा मंडळीत, की जेथे कोणालाही उणे पडत नव्हते. आधी तशी मंडळी निर्माण करावी, मग पेत्राचे शब्द उच्चारावेत.

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यासाठी

यावरून व्यवहारासाठी काही गोष्टी निघतात.

पहिली, दीक्षार्थीला स्नानसंस्कारापूर्वी कायदेशीर परिणाम स्पष्ट सांगावेत. ते लपवून दिलेला संस्कार आपल्या अप्रामाणिकपणाने सुरू होतो. ज्याची तयारी नाही त्याला घाई करू नये. दीक्षार्थीचेही ख्रिस्तसभेशी खरे नाते असते, असे धर्मविधानाचा 206 वा नियम सांगतो. उघडपणे थांबलेला दीक्षार्थी हा चोरून स्नानसंस्कार घेतलेल्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ असतो.

दुसरी, स्नानसंस्काराची नोंदवही ही वेदीइतकीच पवित्र मानावी. धर्मविधानाच्या 877 व्या नियमाप्रमाणे नोंद ताबडतोब व खरी झाली पाहिजे. कोणाच्याही सोयीसाठी नाव गाळू नये, तारीख बदलू नये, खोटे पत्र देऊ नये. त्याचबरोबर अधिकार नसलेल्या कोणालाही ती वही दाखवू नये. गुप्तता व असत्य यांतील भेद आपण वर पाहिलाच आहे.

तिसरी, कोणालाही खोटा दाखला काढण्याचा सल्ला देऊ नये. 'सगळेच करतात' असे म्हणून विवेक झोपवू नये. पण ज्याने तो काढला आहे त्याची प्रवचनातून नाचक्की करू नये व त्याला चौकशीवाचून संस्कारांपासून दूर ठेवू नये. व्यासपीठावरून दटावलेला मनुष्य गेहजी होतो; एकांतात ऐकलेला मनुष्य नामान होऊ शकतो.

चौथी, पापनिवेदनात हा विषय आल्यास त्या मनुष्याचे पाप किती व त्याच्यावरील जुलूम किती, हे त्याच्याबरोबर बसून वेगळे करावे. कोणते खोटे आजच थांबविता येईल, कशासाठी काही काळ लागेल, त्यातून कोणाची जागा हिरावली गेली काय, हे प्रश्न विचारावेत. उत्तरे प्रत्येकाची निराळी येतील. येथे एक गोष्ट विसरू नये: हिंदू दलिताच्या वाट्याची जागा खोट्या शब्दाने घेतली गेली असेल, तर तोही आपला बंधूच आहे.

पाचवी, अन्याय्य अट काढून टाकण्यासाठी होणाऱ्या सनदशीर प्रयत्नांत दलित ख्रिस्ती बांधवांच्या बाजूने उघडपणे उभे राहावे. सत्य बोलणे ज्यांना महाग पडते त्यांचा भार हलका करणे, हाही आठव्या आज्ञेचाच एक भाग आहे.

पुनरुत्थित प्रभूने तिबेर्याच्या किनाऱ्यावर पेत्राला तीन वेळा एकच प्रश्न विचारला. तीन वेळा नाकारणाऱ्या पेत्राजवळ स्वतःच्या बाजूने सांगण्यासारखा कोणताही पुरावा उरला नव्हता. तेव्हा त्याने प्रभूच्या सर्वज्ञतेचाच आधार घेतला: तुला सर्व ठाऊक आहे, म्हणून माझे प्रेमही ठाऊक आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. ज्या ज्ञानाने त्याचा नकार आधीच ओळखला होता, त्याच ज्ञानात त्याचे प्रेमही सुरक्षित होते. प्रभूने त्याला मेंढरे राखण्याचे काम दिले. तेच काम आज आपल्याकडे आहे, आणि ती मेंढरे अर्जातील त्या दोन रकान्यांसमोर अद्याप लेखणी धरून बसली आहेत.